तिसरा रकाना

४ मार्च

चि. भोंगा यास,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

धपाटा अशासाठी, की मागच्या पत्रात तू चार ठिकाणी ‘तुझी काळजी वाटते’ लिहिलंस आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही. एकसष्टाव्या वर्षीही तू थोरल्या बहिणीपासून गोष्टी लपवतोस आणि तुला वाटतं मला कळत नाही.

आता खबर ऐक. माझे हात बरे झाले! यकृतातल्या गाठींसाठी डॉक्टरांनी त्या गोळ्या दिल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात तळहातांची सालं निघायला लागली, हे तुला लिहिलंच होतं. पाच महिने मला दाभण धरता आलं नाही. दोरा ओढला की हाताला चिरा पडायच्या. पुस्तकांचे गठ्ठे दाबायच्या शिकंज्याखाली तसेच पडून राहिले आणि गिऱ्हाइकं बिचारी दुकानाच्या दारातून माझे हात बघून परत जायची. तर गेल्या महिन्यात डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. म्हणाले, आता ह्या नकोत, यापुढे तुम्हाला त्रास होऊ नये एवढंच बघू. मी हो म्हटलं. समजलं ना, असं त्यांनी विचारलं, त्यालाही हो म्हटलं. ते नेहमीसारखे उभेच होते, एक हात दाराच्या मुठीवर. मी त्यांना ‘उभे डॉक्टर’ म्हणते. माणूस वाईट नाही. पण बाहेर बाकांवर तीसेक जण ताटकळत असतात, त्याने तरी किती वेळ बसावं?

आणि वीस दिवसांत हात पहिल्यासारखे. काल दोन जाड पुस्तकं शिवली आणि पुठ्ठा चढवून टाकला. खळीत बोटं बुडवली तेव्हा अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं रे. पाच महिने मी मनात धरून चालले होते की आता हे संपलं.

शिवाय मला बढती मिळाली आहे. आता पंधरा दिवसांनी त्या रांगेत बसायचं नाही. कोपऱ्यातल्या शांत खोलीत एक नर्सबाई असतात, लागेल तेव्हा त्यांच्याकडे जायचं. तिथल्या खुर्च्यांना गाद्या आहेत! पोट जरा फुगलंय आणि पाय सुजतात, चपलेचा पट्टा शेवटच्या भोकावर आलाय. इतके महिने बसून काढल्याचा परिणाम, दुसरं काय.

तेव्हा आता ‘मी येतो, मी येतो’ हा जप बंद कर. माझ्यासाठी तू गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंस. पहिली मिळेल ती तारीख घे, तीन महिने घरात शहाण्यासारखा चालायला शीक आणि थंडी पडली की माझे तीन जिने नव्या गुडघ्याने चढून ये. मी वर उभी राहून मोजणार आहे.

लोभ आहेच, तो गुडघ्यात साठू देऊ नकोस.
तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग हिला मोठ्याने वाचून दाखवलं, मग हिने माझ्या हातातून ओढून स्वतः वाचलं. जीव भांड्यात पडला. सप्टेंबरपासून घरात कुणी धड हसलं नव्हतं. काल रात्रीच्या जेवणाला तुझी भावजय उगीचच दोनदा हसली.

तुझी आज्ञा शिरसावंद्य. हाडांच्या डॉक्टरांनी दोन एप्रिलची तारीख दिली आहे. चाळीस वर्षं क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, असं सांगितल्यावर ते म्हणाले, उजव्याने ब्रेक दाबला तो कसा शाबूत? मी म्हटलं, मी ब्रेक कमी दाबायचो. त्यांनी ते खरं मानलं आणि माझ्याकडे जरा संशयाने बघितलं. ऑपरेशननंतर तीन महिने लांबचा प्रवास बंद, हे मात्र त्यांनी बजावून सांगितलंय.

एक काम कर. गोळ्या बंद केल्या तेव्हा डॉक्टरांनी जो कागद दिला असेल, त्यात काय लिहिलंय ते मला कळव. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. पण डेपोतून कागद हातात पडल्याशिवाय मी कधी गाडी बाहेर काढली नाही, ती सवय आता जात नाही. फोनच केला असता, पण फोनवर माणूस ‘बरंय’ एवढंच सांगतो, म्हणून आपल्यात पत्रंच, हा तुझा नियम. तुझ्या नियमांपुढे आम्ही काय बोलणार?

हातांना जप. शिवण जरा कमी कर.
तुझ्या धपाट्यांची सवय झालेला,
भोंगा


१४ मार्च

चि. भोंगा यास,
आशीर्वाद. दोन एप्रिल भिंतीवर लिहून ठेवला आहे.

कागद हवा होता ना, हा घे. डॉक्टरांच्या इंग्रजीतलं मला काही वाचता येत नाही, म्हणून त्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीने जसंच्या तसं गिरवून काढलं. जुन्या पुस्तकांची नक्षी उतरवून घेते ना, तसं. एक रेघ इकडची तिकडे झालेली नाही. तुला कळलं तर मलाही सांग. मला विचारशील तर हा काही धड कागदच नव्हे. धड कागद म्हणजे माझी चिठ्ठी.

हसू नकोस. परवा एक म्हातारे गृहस्थ बायकोची वही घेऊन आले. पाणी पडून पानं एकमेकांना चिकटलेली. मी नेहमीसारखी चिठ्ठी भरली: काय होईल, काय होणार नाही, किती दिवस लागतील, जपायचं कसं. चार रकाने भरून, वाचून दाखवून, खाली त्यांची सही घेतली आणि मगच वही ठेवून घेतली. ‘काय होणार नाही’मध्ये लिहिलं की मधली अकरा पानं सुटणार नाहीत, सोडवायला गेले तर फाटतील. त्यांनी चिठ्ठी स्वतः पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, हे आधी सांगितलंत ते बरं झालं, आता मी उरलेली पानं बघायला येईन. फार पूर्वी एकदा मी न सांगता काम घेतलं होतं आणि तो माणूस फाटका अल्बम हातात घेऊन माझ्या दुकानात रडला होता. तेव्हापासून चिठ्ठीशिवाय काम नाही. त्या चिठ्ठ्या छापून आणायला तूच गेला होतास आणि पहिल्या खेपेला शाई ओली असतानाच त्यांच्यावर बसलास, हेही मी विसरलेले नाही.

मला दुपारी फार झोप येते. जेवण जात नाही, दोन घोट सूप झालं की पोट भरतं. वयाचं असेल.

माया आहे तेवढी कळवली. उरलेली पुढच्या टपालाने.
ताई


२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा गिरवलेला कागद मिळाला. छान उतरवला आहेस.

इकडे चार दिवस वारा सुटला आहे. सकाळी गार असतं, दहानंतर ऊन लागायला लागतं आणि संध्याकाळी पुन्हा गार. काल जरा ढगाळ होतं, पण पाऊस आला नाही. आज आकाश निरभ्र आहे. उद्याही बहुधा असंच राहील, असं रेडिओवर सांगत होते.

कळवायचं म्हणजे हाडांचे डॉक्टर अचानक रजेवर गेल्यामुळे दोन एप्रिलची तारीख रद्द झाली. म्हटलं मोकळाच आहे तर तुझ्याकडे येऊन जावं. चार दिवस काय, महिनाभरही राहीन. हीसुद्धा जा म्हणते. तू नाही म्हणू नकोस.

प्रकृतीला जप. वारा लावून घेऊ नकोस.
तुझा भाऊ


२५ मार्च

चि. भोंगा यास,

तू खोटं लिहितोस तेव्हा हवेवर येतोस. ड्रायव्हरच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालास तेव्हा तीन पानं भरून वाऱ्याची दिशा कळवली होतीस. लग्न मोडलं, ते पहिलं, तेव्हा धुकं होतं. माझ्याकडे सगळी पत्रं आहेत, बांधून ठेवलेली. मी काल ती काढून बघितली.

शिवाय सहीही ‘तुझा भाऊ’. भोंगा कुठे गेला?

मग मी खुर्चीत बसले आणि विचार केला. दोन वर्षं ज्या तारखेसाठी तू कण्हतोयस ती रद्द झाली आणि तुला राग आला नाही. डॉक्टरांना एक शिवी नाही. म्हणजे तारीख त्यांनी नाही, तू रद्द केलीस. आणि माझा कागद वाचल्यावर केलीस. मग पोटाकडे बघितलं, पायांकडे बघितलं, गाद्यांच्या खुर्च्या आठवल्या. त्या खोलीत बसलेल्या कुणाचीच मला पुढची तारीख ठरताना दिसली नव्हती. सगळी दुपार तशीच गेली. खळ भांड्यात वाळून गेली.

घाबरले रे. फार घाबरले. आणि तुझ्यावर थोडी रागावलेही आहे, पण तो राग जाईल.

आता तू मला काही कळवू नकोस. तुझं शिक्षण क्लच आणि ब्रेकपुरतं आहे. हे मला ज्याला कळतं त्याच्याकडूनच ऐकायचं आहे. गुरुवारी मी उभ्या डॉक्टरांकडे जाते. बरोबर माझी एक कोरी चिठ्ठी नेणार आहे. ती भरल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही, मग बाहेर तीस असोत की तीनशे.

आशीर्वाद नेहमीचेच.
ताई


२६ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं उत्तर यायच्या आत हे लिहितोय, कारण मागचं पत्र टाकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

ताई, मी तुला फसवलं. हाडांचे डॉक्टर कुठेही गेलेले नाहीत. तुझा कागद मी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यांना दाखवला. तीस वर्षांची ओळख. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि काउंटरच्या आतलं स्टूल काढून मला बस म्हणाले. तेव्हाच मला कळलं, कारण त्या दुकानात त्यांनी मला कधी बसू दिलेलं नाही. गोळ्या चालल्या नाहीत, ताई. गाठी वाढल्या आहेत, पोटात पाणी आहे. गोळ्या थांबवल्या त्या तू बरी झालीस म्हणून नाही. तुझे हात गोळ्यांनीच सोलले होते, त्या थांबल्या म्हणून ते भरून आले, एवढंच. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय की रुग्णाला सगळी कल्पना दिली आहे आणि रुग्णाने समजल्याचं सांगितलं आहे.

ती ओळ ऐकून मी औषधवाल्यांवरच ओरडलो. मग त्यांची माफी मागितली. तू आनंदाने दोन पुस्तकं शिवत होतीस आणि डॉक्टर तिकडे ‘समजलं’ लिहून मोकळे झाले होते.

घरी आल्यावर ठरवलं की तुला काही सांगायचं नाही, नुसतं येऊन राहायचं. हिने दोन दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाली, ताईंनी आयुष्यभर परक्या माणसांना त्यांच्या पुस्तकांबद्दल खरं सांगितलं, आणि तुम्ही सख्ख्या बहिणीला तिच्याबद्दल खोटं सांगताय.

मला कसं सांगायचं कळत नव्हतं, म्हणून मी हवा लिहिली. मला माफ कर. आणि ये म्हण.

भोंगा


२९ मार्च, शनिवार

चि. भोंगा यास,
अनेक आशीर्वाद. या वेळी धपाटा नाही.

तुझं पत्र आज आलं, म्हणजे गुरुवारनंतर. एका अर्थी बरंच झालं. मला जे कळायचं होतं ते त्या खोलीत कळलं आणि तू कबूल केलंस ते वेगळं कळलं. माफी कसली मागतोस? तुझ्या जागी मीही ढगच लिहिले असते.

आता गुरुवारचं सांगते. आत गेले, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सांगितलं की मी पुस्तकं बांधते, ही माझ्या दुकानची पद्धत आहे, मी गिऱ्हाइकांना देते तशी मला द्या. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, मागच्या महिन्यात आपलं बोलणं झालं होतं ना? मी म्हटलं, झालं होतं, तुम्ही समजलं ना विचारलंत आणि मी हो म्हटलं. तुम्ही उभे होता, मला तुम्हाला अडवायला लाज वाटली. आणि हात बरे झाले तशी मी बरी झाले असं समजून मी भावाला थंडीत यायला सांगितलं. हे ऐकून त्यांनी ती उचलून घेतली. चिठ्ठी दुपारपर्यंत माझ्याकडे ठेवू का, एवढंच विचारलं.

दुपारी ते गाद्यांच्या खोलीत आले. आणि भोंगा, बसले. माझ्या शेजारच्या खुर्चीत. अक्षर इतकं भयंकर की मी त्यांना सुटं सुटं पुन्हा लिहायला लावलं. नर्सबाईंनी खिडकीकडे तोंड करून हसू दाबलं. चिठ्ठी तुला जशीच्या तशी उतरवून देते.

काय होईल: दुखणं आटोक्यात ठेवता येईल. पोटातलं पाणी लागेल तसं काढता येईल. थकवा आणि झोप वाढत जाईल. पुढे बोलताना गोंधळ होऊ शकतो, तेव्हा महत्त्वाचं बोलणं आधी उरकावं.

काय होणार नाही: यकृतातल्या गाठी जाणार नाहीत. त्या गोळ्या पुन्हा देऊन उपयोग नाही.

तिसरा रकाना, किती दिवस, त्यांनी कोरा ठेवला होता. म्हणाले, हे नक्की सांगता येत नाही. मी चिठ्ठी परत सरकवली आणि सांगितलं की मलाही कधीच नक्की सांगता येत नाही, तरी लिहिते, कारण गिऱ्हाइकाला त्यावरून ठरवायचं असतं. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. लिहिलं: बहुधा दोन ते तीन महिने. कमीजास्त होईल. चुकलो तर मला आनंद होईल.

त्यांचा हात थांबला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. किती तरुण आहे तो मुलगा! म्हणाला, हा आकडा माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून मी दाराशी उभा राहतो. मला त्याची दयाच आली. मग मी रडले. त्याने घड्याळ बघितलं नाही. बाहेरची माणसं तासभर खोळंबली, त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

चौथा रकाना, जपायचं कसं. तिथे लिहिलंय: एकटीने तीन जिने चढू-उतरू नये. भावाला आत्ता बोलवावं, थंडीत नाही.

सही मी केली. नीट वळणदार केली.

ये.
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

आज त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे टेबलावर झोपायचं होतं, त्याऐवजी बॅग भरतोय. उद्या सकाळच्या बसने निघतो. गाडी मी चालवत नसल्यामुळे उशीर झाला तर राग धरू नकोस. हिने काठी दिली आहे आणि जिन्यात दर दहा पायऱ्यांनी थांबायची शपथ घातली आहे. तू वर उभी राहू नकोस, बसून मोज.

येतोच आहे, म्हणून बाकी काही लिहीत नाही.
भोंगा


१९ मे

चि. भोंगा यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्या घरच्या पत्त्यावर लिहिते आहे आणि तू पलीकडच्या खोलीत माझ्यासाठी सूप गाळतो आहेस. भांडं दोनदा पडलं, ऐकू आलं. पत्र नर्सबाईंकडे देणार आहे, त्या नंतर टपालात टाकतील. महत्त्वाचं बोलणं आधी उरकावं असं लिहून दिलंय ना, म्हणून. परवा मी तुला आईच्या नावाने हाक मारली, म्हणजे वेळ झाली. तोंडाने सांगायला गेले तर तू लगेच हवेवर जाशील.

सात आठवडे होत आले. तू बावन्न पायऱ्या चढून वर आलास तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी बसूनच मोजत होते आणि दर पायरीला तुझं कण्हणं ऐकून मला वाईट वाटत होतं. पण खरं सांगते, आनंदच जास्त झाला. तू आलास ते फार फार बरं झालं. मला थंडीत आलेला भाऊ भेटला नसता.

तू शिवलेलं एकही पुस्तक मी गिऱ्हाइकाला दिलं नसतं, पण डॉक्टरांसाठी कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड बांधलंस ते चालेल. जरा तिरकं कापलंय. काल ते न्यायला डॉक्टर स्वतः तीन जिने चढले आणि खाली बसून पहिलंच पान बघत राहिले. मी सांगितलं, तिसरा रकाना कोरा सोडायचा नाही. म्हणाले, प्रयत्न करीन. तेवढं पुरे आहे.

तुझ्या पत्रांचा बांधून ठेवलेला गठ्ठा तू ने. आता तुझं काम. माझ्या दुकानात चिठ्ठीशिवाय काम घेत नाही, तेव्हा तुझ्या गुडघ्याचीही भरून ठेवली आहे. हाडांच्या डॉक्टरांना मी पत्र टाकलंय, ते तारीख कळवतील.

काय होईल: गुडघा बरा होईल. सकाळी माझ्या भावजयीबरोबर फिरायला जाता येईल.

काय होणार नाही: जिन्याच्या वर मोजायला मी नसेन.

किती दिवस: गुडघ्याला तीन महिने. दुसऱ्या गोष्टीला किती लागतील ते मला सांगता येत नाही, पण रकाना कोरा ठेवायचा नाही म्हणून लिहिते. एक वर्ष धर. चुकले तर चुकले.

जपायचं कसं: रोज थोडं चालायचं. रडू आलं तर दाबायचं नाही. लहानपणी अख्खी गल्ली गोळा करायचास तसं मोठ्याने रडायचं. नाव काय उगीच ठेवलं होतं का मी?

खाली गिऱ्हाइकाची सही लागते. कर.

लोभ जिथे होता तिथेच आहे.
तुझी ताई